हलता खांदा आणि हलते चित्र

मराठी भाषेत खांदा हा केवळ एका अवयवाचा वाचक शब्द नव्हे. संकटात सापडलेल्या माणसाच्या खांद्याला आपण खांदा लावतो, घरातील थोरल्या मुलाच्या खांद्यावर संसाराचा भार टाकतो आणि अखेरच्या प्रवासास निघालेल्या शेजाऱ्याला खांदा देतो. आपल्या शेजारची कुणबी मंडळी बैलांच्या सणाच्या आदल्या दिवशी त्यांचे खांदे हळद-तुपाने मळतात. वर्षभर जू वाहणाऱ्या मुक्या जनावराचा तो मान असतो. शुभवर्तमानातील मेंढपाळ हरवलेले मेंढरू सापडल्यावर ते खांद्यावर घेऊनच घरी परततो, आणि कालवारीच्या वाटेवर कुरेनेकर शिमोनावरही प्रभूचा क्रूस लादला जातो. ज्या सांध्यावर मनुष्याने इतके ओझे ठेवले, त्याची रचना कशी आहे, तो दुखू लागला म्हणजे आत काय होते, आणि ते प्रत्यक्ष पाहण्याचे कोणते साधन आज आपल्याला उपलब्ध आहे, याविषयी माझ्या स्वतःच्या दुखण्याच्या निमित्ताने जे काही समजले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच दिशेने वाकतो. कमरेच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो, म्हणून तो बळकट. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याला आधार देणारी खवाट्याची खोबण उथळ; बशीत लिंबू ठेवावे तसा हा प्रकार. म्हणूनच हात पुढे, मागे, वर, बाजूला, वाटेल तिकडे फिरतो; शेतकरी भाताचा भारा उचलतो, आई पाळणा झुलविते, धर्मगुरू वेदीवर कालिस उंचावतात. परंतु या स्वातंत्र्याची किंमत अशी की, लिंबू बशीतून घसरू नये म्हणून चार स्नायूंना सतत जागता पहारा करावा लागतो. त्यांच्या कंडरा त्या गोळ्याला चहूबाजूंनी पंजाप्रमाणे धरून असतात. वर खवाट्याचे टोक छपरासारखे पुढे आलेले असते. हात खाली सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये ते छप्पर आणि खालचा गोळा यांतील अंतर सामान्यतः 7 ते 14 मिलिमीटर भरते. एवढ्याशा फटीतून एक महत्त्वाची कंडरा जाते, आणि घर्षण होऊ नये म्हणून तिच्यावर एक पातळ, ओलसर पिशवीही परमेश्वराने ठेवली आहे.

दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. हात वर जातो तेव्हा एकटा दंडच वर जातो असे आपल्याला वाटते. पण पाठीवरचा खवाटाही त्याच्याबरोबर फिरत असतो. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 साली खांद्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला व या जोडचालीला ताल असे नाव दिले. पुढे 1944 साली इनमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तालाचे माप काढले. हात पूर्ण 180 अंश वर गेला, तर त्यातील सुमारे 120 अंश दंडाचे आणि 60 अंश खवाट्याचे, म्हणजे दोनास एक, असे त्यांनी दाखविले. सर्व माणसांत आणि चालीच्या प्रत्येक टप्प्यावर हे प्रमाण तंतोतंत असे राहत नाही, हे नंतरच्या अभ्यासात दिसून आले; तथापि मूळ गोष्ट खरी आहे. एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक मागे रेंगाळला, तर सारा ताण दुसऱ्याच्या मानेवर येतो. खांद्याचेही तसेच.

मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक. फळ्यावर लिहिणे हा आमचा रोजचा धंदा, आणि फळ्याची वरची ओळ नेमकी खांद्याच्या उंचीवर येते. 2022 सालच्या पावसाळ्यात उजवा खांदा दुखू लागला. त्या दुखण्याची तऱ्हा विलक्षण होती. हात खाली असताना काही नाही. बाजूने वर नेताना अर्ध्या वाटेवर कळ यावी, आणि आणखी वर गेला की कळ ओसरावी. रात्री त्या कुशीवर निजणे अशक्य. वैद्यकशास्त्रात या मधल्या टप्प्याला वेदनेची कमान म्हणतात. सुमारे 60 ते 120 अंशांच्या दरम्यान ती येते. छपराच्या कडेखाली कंडरेला किंवा तिच्यावरील पिशवीला चिमटा बसतो, अशी तिची उपपत्ती न्यू यॉर्कचे डॉ. चार्ल्स नीअर यांनी 1972 साली मांडली. त्या चिमट्यालाच इंपिंजमेंट हे नाव मिळाले. छपराची खालची बाजू थोडी तासून काढावी, म्हणजे फट रुंद होईल व चिमटा सुटेल, हा त्यांचा उपाय पुढे जगभर रूढ झाला.

शहरातील एका दवाखान्यात मला हाच उपाय सांगण्यात आला. एक्स-रेमध्ये खवाट्याच्या टोकाला किंचित अणकुची दिसत होती. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही उभयता गप्पच झालो. तेवढेच पैसे आम्ही धाकट्या मुलीच्या परिचारिकेच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवले होते, आणि तिच्या पहिल्या वर्षाची फी जूनमध्ये भरायची होती. मुलगी म्हणाली, “बाबा, माझे एक वर्ष थांबले तरी चालेल; तुमचा हात आधी.” सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री त्यांची जपमाळ नेहमीपेक्षा लांबली. हात तर हवाच होता. फळ्यावर न लिहिणारा मास्तर काय कामाचा? आणि मुलीचे वर्षही मला तितकेच मोलाचे होते.

आमच्या पॅरिशच्या दवाखान्यातील सिस्टर अनुभवी. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “गुरुजी, हा एक्स-रे तुमचा हात स्वस्थ असतानाचा आहे. तुम्हाला दुखते ते हात हलताना. मग हलत्या खांद्याचे चित्र आधी पाहायला नको का?” त्यांचे म्हणणे मला पटले. मिरवणुकीचा एखादा फोटो पाहावा, तर कोण कोठे उभा आहे ते कळते. पण गर्दी कोणत्या वळणावर अडली आणि कोणाचा धक्का कोणाला लागला, ते फोटोवरून कसे कळणार? एमआरआयचेही बहुधा असेच. त्यात मऊ भाग उत्तम दिसतात, परंतु रुग्ण नळीत हात अंगाशी ठेवून निश्चल पडलेला असतो.

हलता सांधा पाहण्याची इच्छा मात्र आजची नव्हे. विल्हेल्म राँटगेन यांना 8 नोव्हेंबर 1895 रोजी क्ष-किरणांचा शोध लागला, आणि 1897 साली ग्लासगोच्या डॉ. जॉन मॅकिंटायर यांनी बेडकाच्या हलत्या पायाचे क्ष-किरण चलच्चित्र तयार केले. चमकत्या पडद्यावर हाडांची हालचाल पाहण्याची पद्धत, जिला फ्लुरोस्कोपी म्हणतात, ती त्याच काळातील. पण त्या किरणांची दाहकता तेव्हा कोणास ठाऊक नव्हती. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली या प्रयोगांत वारंवार स्वतःचे हात किरणांखाली धरीत. त्यांचे हात सडले, कापावे लागले आणि 1904 साली ते मरण पावले. आज आपण निर्धास्तपणे एक्स-रे काढून घेतो, त्यामागे अशा माणसांची आहुती आहे, याचे स्मरण असावे.

आज मोठ्या संशोधनसंस्थांत एकाच वेळी दोन बाजूंनी फ्लुरोस्कोपी करतात आणि त्या चित्रांवर त्याच माणसाच्या हाडांचा संगणकातील नमुना जुळवून, हाड कितपत सरकले ते मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजतात. या मोजमापांतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. हात खांद्याच्या उंचीवर येईपर्यंत कंडरेचा हाडाला चिकटलेला भाग बहुधा छपराखालून पुढे निघून गेलेला असतो. ती छपराच्या सर्वांत जवळून जाते ते त्याच्या आधीच. शिवाय ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या खांद्यांतही ती जवळून जातेच. म्हणजे चिमटा हेच दुखण्याचे एकमेव कारण, ही समजूत जितकी सरळ वाटत होती तितकी ती सरळ नाही. त्यामुळे पुष्कळ डॉक्टर आता इंपिंजमेंट हा शब्द टाळतात व छपराखालील वेदना एवढेच म्हणतात.

खेड्यातील माणसाला असल्या संस्था कोठून लाभणार? पण आपल्या आवाक्यातले साधन म्हणजे सोनोग्राफी. तीत क्ष-किरण नसतात. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या लहरी आत जातात, आतील पडद्यांवर आदळून परत येतात आणि त्यांचे चित्र त्याच क्षणी पडद्यावर उमटते. म्हणून हात हलला की चित्रही हलते.

सिस्टरांनी चिठ्ठी दिली व मी बेळगावला गेलो. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी प्रथम यंत्राला हातही लावला नाही. मला सदरा काढून भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि म्हणाल्या, “गुरुजी, समजा हा तुमचा फळा. नेहमी लिहिता तसे लिहा.” मी सवयीने बोटाने तारीख लिहू लागलो. त्या मागे उभ्या राहून माझे दोन्ही खवाटे पाहत होत्या. मग डाव्या हाताने तेच करावयास सांगितले. उजवा खवाटा डाव्याच्या मानाने उशिरा निघतो आणि हात खाली येताना त्याची कड पाठीवर उचलली जाते, हे त्यांनी तेथेच सांगितले. सौभाग्यवतींनाही ते जवळ बोलावून दाखविले.

नंतर स्टुलावर बसवून खांद्यावर थंडगार लुकण लावले. यंत्राच्या मुठीचे एक टोक खवाट्याच्या छपरावर व दुसरे दंडाच्या गोळ्यावर टेकविले. पडद्यावर एका बाजूस छपराची पांढरी कड, खाली गोळ्याची कमान आणि दोहोंमध्ये राखाडी रंगाचा जाड पट्टा दिसला. तीच ती कंडरा. “सावकाश हात बाजूने वर न्या, आणि कळ आली की सांगा,” असे त्या म्हणाल्या. हात वर जाऊ लागला तसा तो पट्टा उंबरठ्याखालून चटई ओढावी तसा छपराखाली सरकू लागला. अर्ध्यावर कळ आली; मी “आता” म्हटले. त्याच क्षणी पट्ट्यावरची काळसर रेघ, म्हणजे ती ओलसर पिशवी, कडेशी गोळा होऊन फुगलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. डाव्या खांद्यात ती रेघ मुकाट्याने आत गेली. कंडरा मात्र अखंड होती. कोठे फाटलेली नव्हती.

या तपासणीचे खरे मोल कळ आणि चित्र यांच्या या एकवेळी होणाऱ्या भेटीत आहे. नुसती कळ सांगितली तर डॉक्टरला अंदाज करावा लागतो. नुसते चित्र पाहिले तर त्यातील कोणता दोष दुखतो आणि कोणता निरुपद्रवी, हे कळत नाही. वय वाढले म्हणजे पुष्कळांच्या कंडरा झिजतात, काहींच्या थोड्या फाटतातही, आणि तरी त्यांना काही जाणवत नाही. तेव्हा अहवालात एखादा दोष लिहिला आहे, म्हणून तोच गुन्हेगार, असे ठरविता येत नाही.

डॉक्टरबाईंनी या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ध्वनिलहरी हाडातून पलीकडे जात नाहीत. म्हणून छपराच्या कडेपर्यंतच दिसते, प्रत्यक्ष छपराखाली अंधार असतो. चित्र एका पातळ कापाचे असते. मूठ थोडी तिरकी धरली तर चांगली कंडराही बिघडलेली दिसू शकते. सबब हे काम हाताच्या कसबावर फार अवलंबून आहे.

मग शस्त्रक्रियेचे काय? या प्रश्नाचे उत्तर चित्रांत मिळत नाही. ते परिणामांत शोधावे लागते. वर उल्लेखिलेले कॉडमन हेच सांगत असत. प्रत्येक रुग्णाचा पुढे माग घ्यावा व उपचाराने खरोखर गुण आला की नाही याची नोंद ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. तो सहकाऱ्यांना रुचला नाही. 1914 साली त्यांनी मोठ्या रुग्णालयातील जागा सोडली. 1940 साली ते वारले, तेव्हा त्यांच्या कबरीवर दगडही नव्हता. तो 2014 साली बसविण्यात आला. त्यांच्या विचाराला धरून ब्रिटनमध्ये एक कसोटी झाली व 2017 साली तिचा निकाल लॅन्सेट या नियतकालिकात आला. 32 रुग्णालयांतील 313 रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाचे छप्पर तासले, दुसऱ्याच्या खांद्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले, हाड तासले नाही, आणि तिसऱ्यावर काहीच केले नाही. पहिल्या दोन गटांत फरक आढळला नाही. तिसऱ्याच्या मानाने त्यांना जो थोडा अधिक आराम पडला, तो रुग्णाला विशेष जाणवावा इतका नव्हता. 2018 साली फिनलंडमधील अशाच कसोटीतही छप्पर तासण्याचा निराळा लाभ दिसला नाही. 2019 साली बीएमजे या नियतकालिकात तज्ज्ञांच्या मंडळाने, अशा वेदनेसाठी ही शस्त्रक्रिया करू नये, असा स्पष्ट सल्ला दिला. पडल्यामुळे कंडरा तुटली असेल, तर ती शिवण्याची गोष्ट निराळी.

सिस्टर आणि डॉक्टरबाई या दोघींच्या सल्ल्याने आम्ही व्यायामाचा मार्ग पत्करला. रबरी पट्टी दाराच्या कडीला बांधून हात बाहेर फिरविणे, भिंतीवर तळवे टेकून सावकाश वर सरकविणे, खवाटे मागे ओढून धरणे, असे साधेच प्रकार; पण रोज, आणि महिनोगणती. फळाही एक वीत खाली बसविला. पहिले सहा आठवडे काही गुण दिसेना, तेव्हा मन डळमळले. तीन महिन्यांनी रात्रीची झोप लागू लागली. सहा महिन्यांनी हात विनातक्रार वर जाऊ लागला. जड ओझे उचलले तर अद्याप तो आठवण देतो. पुन्हा चित्र काढावे का, असे विचारता डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, “आता चित्राला नको, हातालाच विचारा.” मुलीची फी जूनमध्ये वेळेवर भरली गेली.

सोनोग्राफीच्या त्या खोलीबाहेर आणखी एक गोष्ट पाहिली, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. दारावर पाटी होती, की येथे गर्भाच्या लिंगाचे निदान केले जात नाही. 1994 च्या कायद्याने ती पाटी व यंत्राची नोंदणी सक्तीची आहे. ग्लासगोचे डॉ. इयन डोनल्ड यांनी लोखंडातील तडे शोधण्याच्या यंत्रावरून स्फूर्ती घेऊन ही विद्या प्रसूतिशास्त्रात आणली व 1958 साली तिच्यावरील निबंध प्रसिद्ध केला. तेच डोनल्ड पुढे गर्भपाताच्या 1967 च्या ब्रिटिश कायद्याविरुद्ध उभे राहिले. ज्या यंत्राने त्यांनी उदरातील जीव जगाला दाखविला, त्याच यंत्राने आपल्या देशात कन्यांचे प्राण घेतले गेले. पाटीखाली बसलेली माझी मुलगी मी पाहिली आणि मनात म्हटले, विद्या देवाची देणगी असते. तिचा उपयोग मात्र माणसाच्या हृदयावर सोपविलेला असतो.

वाचकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल, तर तो आखडलेला खांदा असू शकतो. मधुमेह्यांत तो अधिक आढळतो व त्याचा उपचार वेगळा. पडल्यानंतर हातातील शक्ती एकाएकी गेली, सांधा लाल होऊन ताप आला, किंवा खांद्याबरोबर छातीत दाटून घाम फुटला, तर व्यायामाची वाट न पाहता तत्काळ दवाखाना गाठावा. शेवटचे लक्षण हृदयाचे असू शकते. एरवी मोठ्या खर्चाचा निर्णय करण्यापूर्वी, माझा खांदा हलताना कोणी पाहिला आहे काय, आणि या उपचाराने माझ्यासारख्यांना गुण येतो काय, हे दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत. कोणताही सुज्ञ डॉक्टर त्यांचा राग मानणार नाही.

आता आमच्या गावात अशाच दुखण्याची तिघे मंडळी आहेत: एक गवंडी, एक धुणी धुणाऱ्या मावशी आणि आमचे वृद्ध घंटावाले. रविवारी मिस्सा आटोपली की शाळेच्या व्हरांड्यात आम्ही चौघे भिंतीला तळवे टेकून उभे राहतो. पोरे हसतात. घंटावाल्यांचा हात गेल्या रविवारी वरच्या खिडकीच्या चौकटीला लागला, आणि मावशींनी मोठ्याने देवाचे आभार मानले.